फोटोतल्या गाडीचं साल

कृष्णाबाई मुलुंडला धाकट्या लेकीकडे वारल्या, ते साल सहासष्ट. तेरावं उरकल्यावर दोघी लेकी त्यांची पत्र्याची ट्रंक उघडून बसल्या. दोन नऊवारी लुगडी, बाळाची एक रेशमी कुंची आणि तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो, एवढंच निघालं. फोटो तळहातापेक्षा थोडा मोठा, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यात दोघींचे वडील अनंता ड्रायव्हरची टोपी घालून उभे होते. मागे कापडी टपाची मोटार, एक पाय तिच्या फुटबोर्डावर, आणि डाव्या हातावर कुंची घातलेलं तान्हं मूल.

"अगं, ही मी," शकू म्हणाली.

ती अगदी सहज म्हणाली. थोरल्या वनमालाने फोटो तिच्या हातातून घेतला आणि खिडकीपाशी नेऊन पाहिला. मुलाचा चेहरा कुंचीच्या झालरीखाली अर्धा झाकला होता. दिसत होते ते फक्त गाल, आणि गाल काय, सगळ्याच तान्ह्या मुलांचे सारखे.

"तूच कशावरून?"

"मग कोण असणार? बाबांजवळ मुंबईत मीच होते ना."

शकू वाईट मनाने बोलली नव्हती. गोष्ट खरी होती.

अनंता घाटकोपरला एका भाटिया शेठच्या बंगल्यावर मोटार चालवायचा आणि बंगल्यामागच्या खोलीत संसार करायचा. वनमाला त्याच खोलीत अठ्ठावीस साली जन्मली. पुढे शकूच्या वेळी कृष्णाबाई बाळंतपणाला कोकणात, आचऱ्याला माहेरी गेली, आणि परतताना तान्ह्या शकूला घेऊन आली, वनमालाला मामीकडे ठेवून. खोली लहान, दोन पोरी आवरणार नाहीत, जरा मोठी झाली की नेऊ, असं बोलणं झालं होतं. न्यायला कुणी आलं नाही. अनंता गणपतीला गावी यायचा, सोबत आई आणि शकू. विसर्जनाला शकू बापाच्या खांद्यावर असायची आणि वनमाला मामीचं बोट धरून मागे. सण संपला की तिघं निघून जायची. वनमाला बारा वर्षांची असताना अनंता विषमज्वराने गेला. ती मुंबईत आली ती लग्न होऊन, गिरणीतल्या काशीरामची बायको म्हणून, जोगेश्वरीच्या चाळीत.

तेव्हापासून ती शकूचं सगळं बघत आली होती. शकूचा नवरा कारकून, शकूच्या घरात नळ, शकूची पोळी मऊ. आई राहिली तीही शकूकडेच. "तुमच्याकडे नळाला रांग लावावी लागते गो," आई म्हणायची, आणि वनमाला मान हलवायची. शकूची साडी नवी की धुऊन इस्त्री केलेली, हे ती दारातूनच सांगू शकली असती.

शकूने तो फोटो स्टुडिओत देऊन मोठा करून घेतला, काळी चौकट बसवली आणि बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसेल असा लावला. त्या वर्षी दिवाळीला वनमाला गेली तेव्हा शेजारीण आली होती आणि शकू तिला सांगत होती, "हे आमचे बाबा. आणि ही मी. मला कध्धी खाली ठेवायचे नाहीत."

"तुला आठवतंय होय?" वनमाला म्हणाली. "तान्ह्या पोराला आठवतं?"

शेजारीण हसली. शकू ओशाळली. जाताना तिने आपणहून फोटोची एक लहान प्रत पिशवीत घातली. "ताई, तुझ्यासाठी पण काढून घेतली होती." वनमालाला त्याचाच जास्त राग आला. शकूने काही मागून घ्यावं, हिसकावून घ्यावं, म्हणजे भांडता तरी येईल. ती नेहमी द्यायची, आणि देताना तिच्याजवळचं काही कमी व्हायचं नाही.

घरी आल्यावर ती रोज ती प्रत काढून बसू लागली. काशीराम कंटाळला. एका रविवारी जेवता जेवता म्हणाला, "पोराकडे बघून काय कळणार? मोटार बघ. मोटारीला मॉडेल असतं, मॉडेलला साल असतं."

तो जेवून झोपला. वनमालाने मात्र ते वाक्य धरून ठेवलं.

अंधेरीला कुर्ला रोडच्या बाजूला, आतल्या गल्लीत, बस्त्याव परेराची शेड होती. बस्त्याव तिथल्याच गावठाणातला, साठीला आलेला. बंगल्यांतून कुजत पडलेल्या जुन्या मोटारी तो आणायचा, चालत्या करायचा आणि सिनेमाच्या शूटिंगला भाड्याने द्यायचा. स्टुडिओतली माणसं त्याच्याकडे जुने फोटो घेऊन यायची, अशी गाडी पाहिजे म्हणायची, आणि तो फोटो बघून कुठली गाडी ते सांगायचा. चाळीतल्या एकाने हे वनमालाला सांगितलं. ती दुसऱ्याच दिवशी गेली.

बस्त्याव एका बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. त्याने हात पुसले आणि फोटो लांब धरून बघितला.

"फोर्ड. ए मॉडेल."

"साल कुठलं, काका?"

"अठ्ठावीसला आली ही गाडी, बाय."

वनमालाने पुढचं ऐकूनच घेतलं नाही. अठ्ठावीस. ती जन्मली ते साल. शकूचा तेव्हा पत्ताही नव्हता. तिथूनच तिने घाटकोपरची बस पकडली आणि पुढे मुलुंडची. शकू दुपारचे तांदूळ निवडत होती.

"तो फोटो अठ्ठावीसचा आहे," वनमाला दारातच म्हणाली. "गाडीवरून कळतं. माहीतगार माणसाला विचारून आलेय. तू एकतीसची."

शकूने सूप बाजूला ठेवलं. मग उठली, स्टुलावर चढली आणि चौकट खाली काढली. पदराने काच पुसली.

"असेल मग तूच," ती म्हणाली. "तुझा फोटो तू ने."

तिचे डोळे भरले होते. वनमालाने ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की बसमध्ये चौकट मांडीवर घेऊन बसल्यावरही तिच्या ओठांवर हसू येत होतं.

फोटो जोगेश्वरीच्या खोलीत लागला. चाळीतल्या बायका येऊन बघून गेल्या. वनमाला म्हणायची, "हे माझे वडील. ही मी." मुलुंडचं येणंजाणं कमी झालं. शकू बोलायची, पण मोजकंच.

त्या दिवशी शेडमध्ये वनमालाने आणखी एक गोष्ट पाहिली होती. गाड्यांच्या गाद्या फाटलेल्या होत्या आणि टपांना कुणीतरी गोणपाटासारखे टाके घातले होते. ती घरी शिवणकाम करायची. आठवड्याभराने ती परत गेली आणि बस्त्यावला म्हणाली, "हे कोणी शिवलं? असं शिवतात?" बस्त्यावने तिला एक गादी देऊन बघितली. मग दुसरी दिली. महिन्याभरात ती रोज अकराला डबा घेऊन शेडमध्ये यायला लागली.

गादी शिवायची म्हणजे आधी जुनी कशी होती ते बघावं लागतं. म्हणून बस्त्याव तिला फोटो दाखवायचा. फोटो बघता बघता तिला गाड्या कळायला लागल्या. चाकाला लाकडी आरे की तारेचे, मडगार्ड सपाट की गोल, दिवे ढोलासारखे की वाटीसारखे, दरवाजा पुढून उघडतो की मागून. बस्त्यावला वाटायचं बाईची नजर तेज आहे. नजर तेज होती खरी, पण ती तयार झाली होती वेगळ्याच कामावर. दोन सारख्या गोष्टी समोर आल्या की दुसरीला काय जास्त मिळालं हे शोधायचं, हेच वनमालाने जन्मभर केलं होतं. आचऱ्याला मामीने दोघींना एकाच ताग्यातून परकर शिवले तेव्हा शकूच्या परकराला एक चुणी जास्त होती, हे तिने सहाव्या वर्षी ओळखलं होतं.

एकदा स्टुडिओतला माणूस एक फोटो घेऊन आला. लग्नाची वरात, पुढे माणसांची गर्दी, गाडीचा फक्त मधला भाग दिसतोय. बस्त्यावला मोतीबिंदू व्हायला लागला होता. तो फोटो उन्हात धरून वळवत राहिला.

"ब्यूक आहे ती," वनमाला मशीनवरून म्हणाली. "एकोणतीसची. कमरेला बघा, पोटुशी बाई असते तशी फुगलीय."

बस्त्यावने हसून फोटो तिच्याकडे दिला. तेव्हापासून फोटो आले की तो म्हणायचा, "बायला दाखवा." वनमालाला हे आवडायचं. पण स्टुडिओतली माणसं चहा प्यायला बस्त्यावच्या खुर्चीभोवतीच बसायची, गाड्या त्याच्याच नावाने जायच्या, आणि तिला तेही टोचायचं. ती घरी येऊन काशीरामला म्हणायची, "ओळखते मी, आणि चहा पितो तो." काशीराम म्हणायचा, "मग तू पण पी."

बहात्तर साली बस्त्यावने एकदम दोन फोर्ड आणल्या. एक विलेपार्ल्याच्या बंगल्यातून, एक ठाण्याकडून. दोन्ही ए मॉडेल, दोन्ही कापडी टपाच्या. शेडमध्ये त्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि दोन्हींच्या गाद्या शिवायला वनमालाकडे आल्या.

तिने माप घ्यायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. पहिल्या गाडीची चाकं उंच आणि टायर बारीक. दुसरीची चाकं ठेंगणी, टायर जाड. पहिलीचं बॉनेट काचेच्या अलीकडे संपायचं आणि तिथे शिवणीसारखी एक रेघ होती. दुसरीचं बॉनेट सरळ काचेपर्यंत वाहत गेलेलं. पुढे रेडिएटरची चकचकीत चौकट, पहिलीची बुटकी, दुसरीची उंच. आणि दुसरीच्या चौकटीच्या माथ्यावर, चकाकीच्या मधोमध, गाडीच्याच रंगाचा एक हिरवा पट्टा.

"काका, ह्या दोन्ही एकच ना?"

"एकच कशा? ही अठ्ठावीसची. ही हिरवी एकतीसची. तो पट्टा दिसतो ना, तो शेवटच्या साली आला."

"तुम्ही मला सांगितलं होतं, ए मॉडेल म्हणजे अठ्ठावीस."

बस्त्यावला आठवेना. तिने आठवण करून दिली. तो म्हणाला, "अठ्ठावीसला आली म्हणालो असेन, बाय. तुझ्या फोटोतली अठ्ठावीसची आहे असं मी कशाला म्हणू? तू दुसरं विचारलंसच नाही."

त्या दिवशी ती लवकर घरी गेली. कंदील लावण्याआधीचा उजेड खोलीत होता. तिने फोटो भिंतीवरून काढून दारात आणला. चाकं ठेंगणी. बॉनेट सरळ. आणि रेडिएटरच्या माथ्यावर तो काळसर डाग, ज्याला ती इतकी वर्षं काचेवरचा डाग समजत होती आणि अधूनमधून ओल्या फडक्याने पुसायची.

गाडी बनण्याआधी तिच्यापाशी उभं राहून फोटो काढता येत नाही. एकतीस साली वनमाला तीन वर्षांची होती आणि आचऱ्याला मामीच्या अंगणात होती. बापाच्या हातावर शकू होती.

ती कुणाला काही बोलली नाही. फोटो परत लावला. बायका आल्या तर "हे माझे वडील" एवढंच म्हणायला लागली. रात्री काशीराम घोरायला लागला की तिला वाटायचं, आपणही जन्मलो होतो ना त्याच खोलीत. तीन वर्षं होतो. त्या तीन वर्षांत बापाला एकदाही वाटलं नाही, हिला हातावर घ्यावं, कुणाला तरी सांगून फोटो काढावा. शकू आली आणि लगेच वाटलं. शकूवर जळण्याची तिला सवय होती, पण आता ती मेलेल्या बापावरही चिडली होती आणि त्याच्याशी भांडायला काही सोय नव्हती.

तिला गप्प राहता आलं असतं. शकूला रेडिएटरचा पट्टा कधीच कळला नसता. पण शेडमध्ये रोज ती हिरवी गाडी समोर असायची आणि तिची गादी शिवताना हात चालेना. दोनदा टाके उसवावे लागले. शेवटी तिने शकूला बोलावणं पाठवलं.

शकू आली, रेशमी साडी नेसून. ही मावसभावाच्या लग्नातली, वनमालाने मनात नोंद केली. तिने शकूला दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभं केलं आणि घरून आणलेली चौकट हातात दिली.

"बघ. ह्यातली कुठली?"

"मला तर दोन्ही सारख्याच दिसतात, ताई."

"नीट बघ गं. चाकं बघ. हे वरचं बघ."

शकूने बघितलं. तिला खरंच दिसेना. वनमालाने तिचं मनगट धरून बोट त्या हिरव्या पट्ट्यावर ठेवलं, मग फोटोतल्या डागावर.

"ही एकतीसची गाडी आहे. मी चुकीचं ऐकलं होतं."

"म्हणजे फोटोत..."

"तू. आणखी कोण? माका खंय घेतल्यानी त्यांनी हातावर?"

वनमालाला वाटलं होतं, ही आता नेहमीसारखी म्हणेल, असू दे ताई, तुझ्याकडेच राहू दे. आणि मग तिच्यावर रागावता येईल. पण शकूचा चेहरा कडक झाला.

"इतकी वर्षं माझा फोटो तुझ्या भिंतीवर होता," ती म्हणाली. "आणि मी तुझ्या घरी येऊन चहा पीत होते त्याच्याखाली बसून. माझ्या पोरींना सांगत होते, ही तुमची मावशी."

"मी मुद्दाम केलं नाही."

"मुद्दाम नाही. पण तुला आनंद झाला होता. मी बघितला होता तुझा चेहरा."

तिने चौकट पदराखाली घेतली आणि निघून गेली. वनमाला मशीनवर येऊन बसली. त्या दिवशी हिरव्या गाडीची गादी पुरी झाली.

वर्ष-दीड वर्ष दोघींचं बोलणं बंद होतं. हळदीकुंकवाला शकूने मुलीला पाठवलं, स्वतः आली नाही. वनमालाने ऐकलं की फोटो परत मुलुंडच्या भिंतीवर लागला आहे, आणि शकू आता पाहुण्यांना गाडीचं सालही सांगते. तिला वाटलं, साल तरी माझं होतं. ते मी शोधलं.

मग चौऱ्याहत्तरच्या थंडीत एक दिवस शकू शेडच्या दारात उभी. हातात डबा. "आंबोळ्या केल्यात," ती म्हणाली. "आणि ती गाडी परत बघायची होती. त्या दिवशी रागात नीट बघितलीच नाही."

गाडी बाहेरच काढलेली होती. मार्व्याला शूटिंग होतं आणि बस्त्यावला ती तिथे पोचवायची होती. त्याने दोघींकडे बघितलं. "येताय? येताना बसने यावं लागेल. गाडी तिथंच राहणार."

वनमाला टपाची बटणं लावत होती, तेवढ्यात शकू पुढे, ड्रायव्हरशेजारी चढून बसली. बस्त्यावने गाडी सुरू केली. वनमाला मागे बसली, स्वतः शिवलेल्या गादीवर. घोडबंदर रोडला लोक थांबून बघायला लागले. शकू हसत होती. तिचा पदर वाऱ्याने मागे येऊन वनमालाच्या तोंडावर लागत होता.

गोरेगाव गेल्यावर वनमालाने पुढे वाकून विचारलं, "बाबा कसे होते गं?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. विचारायचं म्हणजे शकूजवळ जास्त आहे हे कबूल करायचं.

शकूने मान वळवली. "अंगाला पेट्रोलचा वास यायचा. बोलायचे कमी. तू म्हणतेस हातावर घेतलं होतं, पण मला काही आठवत नाही. फोटोवाला आला असेल शेठकडे, त्याने सांगितलं असेल." मग जरा थांबून म्हणाली, "गाडीत कधी बसवलं नाही. एकदा मी हट्ट केला, मला एक फेरी मारा म्हणून. कानाखाली दिली."

"तुला?"

"मला नाही तर कोणाला? शेठच्या गादीला हात लावलास म्हणून."

वनमाला मागे टेकली. शकूला बसलेली ती चपराक ऐकून तिला आतून थंडगार वाटलं. वाटू नये हे तिला कळत होतं. तरी वाटलं. मग तिला पेट्रोलच्या वासाचाही हेवा वाटला, कारण आचऱ्याला गणपतीत बापाच्या अंगाला नुसता धूप आणि कापराचा वास यायचा.

मालाडच्या वळणावर तिने बस्त्यावच्या खांद्याला हात लावला. "काका, थांबवा."

"काय झालं?"

"आता मी पुढे बसणार."

शकू उतरून मागे गेली. वनमाला पुढे गेली, पाय लांब केले, काचेवर हात ठेवला. गाडी मिठागरांच्या मधल्या रस्त्याला लागली. समोर मार्व्याची माडांची रांग दिसायला लागली आणि खाडीपलीकडे मनोरीची घरं. वारा तोंडावर येत होता. बरं वाटत होतं.

थोड्या वेळाने तिने मागे वळून बघितलं. शकूने चपला काढल्या होत्या आणि सबंध गादीवर पाय पसरून, शेठाणीसारखी, डोळे मिटून बसली होती. मागची गादी पुढच्यापेक्षा रुंद होती. वनमालाला ते आत्ता लक्षात आलं.

"पाय खाली घे," ती म्हणाली. "नवीन रेक्झिन आहे."